वाढदिवसाला आपले जुने खेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीतल्या शिबिरांत आणि ओळखीच्यांच्या घरी वाढदिवसांना मी मुलांचे खेळ घेते. वाढदिवस जवळ आला की पालकांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. वयोगट साधारण चार ते बारा वर्षांचा धरला आहे.

खेळ घ्यायला बाहेरून माणूस बोलावायलाच हवा का?

नाही. घरातलं एक मोठं माणूस तासभर फक्त मुलांसाठी मोकळं असलं की पुरतं. अट एवढीच की त्या माणसाकडे त्या तासात दुसरं काम नको. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात वेफर्सचा ट्रे घेऊन खेळ घेता येत नाहीत. आई-बाबा पाहुण्यांच्या गडबडीत असतात, तेव्हा मामा, आत्या, शेजारची कॉलेजातली ताई यांना हे काम आधीच सांगून ठेवा. आजी-आजोबा असतील तर फारच छान. लगोरीचे नियम त्यांना तोंडपाठ असतात आणि मुलं त्यांचं ऐकतात. त्यांना खुर्ची देऊन पंच करा. नुसतं कौतुक बघायला बसवू नका.

साहित्य काय लागेल? खर्च किती येईल?

दोन मोठे रुमाल किंवा ओढण्या, रंगीत खडूंची पेटी, एक टेनिस बॉल, डझनभर लिंबं, तेवढेच स्टीलचे चमचे, झाकण घट्ट लावलेला एक पत्र्याचा डबा, कोरे कागद, पेन्सिली. यातलं बरंचसं घरात असतंच. विकत आणायचं ते शंभर-दीडशे रुपयांत येतं आणि लिंबांचं दुसऱ्या दिवशी सरबत होतं.

चेंडू मऊ हवा असेल तर जुन्या मोज्यात चिंध्या ठासून भरा आणि तोंड शिवून टाका. घरात खेळायला हाच चांगला. काचा फुटत नाहीत आणि लागलं तरी कोणी रडत नाही.

किती खेळ ठरवावेत आणि कोणत्या क्रमाने?

तासाभरात चार किंवा पाच खेळ होतात. सात-आठ ठरवून ठेवा, कारण एखादा खेळ अजिबात जमत नाही आणि मग दुसरा हाताशी लागतो. एखादा मात्र असा रंगतो की मुलं "अजून एक डाव, अजून एक डाव" म्हणत राहतात. अशा वेळी यादी बाजूला ठेवा आणि तोच खेळ चालू द्या.

क्रम माझा ठरलेला आहे. आधी बसून किंवा उभ्या उभ्या होणारा सोपा खेळ, कारण मुलं अजून बुजलेली असतात. मग पळापळीचे खेळ. त्यानंतर हात-पाय धुऊन औक्षण आणि केक. खाऊन झाल्यावर फक्त बैठे खेळ. भरल्या पोटी लंगडी घातली की कोणाला तरी उलटी होते, म्हणून खाल्ल्यावर पळायचे खेळ मी घेतच नाही.

मुलं एकेक करत येतात. सगळी जमेपर्यंत आलेल्यांनी काय करायचं?

हा पहिला अर्धा तास फार महत्त्वाचा. आलेलं मूल सोफ्यावर अवघडून बसलं की त्याला पुन्हा उठवायला वेळ जातो. म्हणून असा खेळ मांडा की ज्यात कोणीही, कधीही शिरू शकेल.

बाहेर जागा असेल तर खडूने ठिकरीचे चौकोन आखून ठेवा. जिबली म्हणा, टिक्करबिल्ला म्हणा, नाव गावोगाव वेगळं आहे, पण ठिकरी टाकायची आणि लंगडी घालत चौकोन ओलांडायचे हे सगळीकडे सारखंच. नवीन आलेलं मूल रांगेत शेवटी उभं राहतं आणि पाच मिनिटांत रुळतं.

घरात असाल तर राजा-राणी-चोर-शिपाई. चार चिठ्ठ्या, चार मुलं. शिपायाने चोर ओळखायचा. ओळखला तर शिपायाला गुण, चुकला तर ते चोराला. गुण किती ते मुलांनाच ठरवू द्या. पाचवं मूल आलं की एक प्रधान वाढवायचा, सहावं आलं की सेनापती. आठ झाली की दोन डाव वेगळे मांडायचे.

राज्य कोणावर, हे कसं ठरवायचं?

चकायला शिकवा. तिघांनी गोल करून हात एकदम पुढे टाकायचे, कोणी पालथा, कोणी उताणा. ज्याचा हात इतर दोघांपेक्षा वेगळा, तो सुटला. त्याच्या जागी पुढचा येतो. शेवटी दोघं उरली की आधी सुटलेल्यांपैकी एकाला मदतीला घ्यायचं. जो सुटत नाही त्याच्यावर राज्य.

वीस मुलं असतील तर चकण्यातच वेळ जातो. तिथे आजीला एखादं मोजायचं गाणं म्हणायला सांगा, ज्याच्यावर शेवटचा शब्द येईल त्याच्यावर राज्य. पण पाहुण्या मुलावर पहिलंच राज्य आलं आणि त्याचा चेहरा पडला, तर मोठ्यांपैकी कोणीतरी पुढे होऊन "पहिलं राज्य माझं" म्हणावं. मुलांना याचा फार आनंद होतो, आणि मोठं माणूस पळताना बघून बुजरी मुलंसुद्धा मोकळी होतात.

बारा वर्षांचा दादा आणि चार वर्षांची बहीण, दोघं एकाच खेळात कशी खेळणार?

कच्चं लिंबू करून. लहान मूल सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, ओरडतं, पण त्याला पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. आपल्या खेळांतली ही मला सर्वांत आवडणारी सोय आहे. खेळाची मजा लहानग्याला पुरेपूर मिळते आणि मोठ्यांचा डाव बिघडत नाही. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना मोठ्याने सांगा की कच्ची लिंबं कोण कोण. साधारण पाच-सहा वर्षांची झाली की मुलं स्वतःहून "मी आता पक्का" म्हणतात. तसं म्हणाली की लगेच पक्कं करा.

अगदी लहानांचाच वाढदिवस आहे, चार-पाच वर्षांची मुलं. काय घ्यावं?

चिमणी भुर्र. सगळ्यांनी गोल बसून बोट जमिनीवर टेकवायचं. "चिमणी भुर्र", "कावळा भुर्र" म्हटलं की बोट वर. मधेच "म्हैस भुर्र" म्हणायचं आणि तरीही ज्यांची बोटं वर गेली त्यांनी म्हशीचा आवाज काढायचा. बाद कोणी नाही. मुलं मुद्दाम चुकतात, कारण त्यांना आवाज काढायचा असतो.

दुसरा मामाचं पत्र हरवलं. गोल बसायचं, एकाने रुमाल घेऊन मागून फिरायचं आणि गुपचूप कोणाच्या तरी मागे टाकायचा. ज्याच्या मागे रुमाल, त्याने तो उचलून पहिल्याला पकडायला पळायचं. पहिला रिकाम्या जागी येऊन बसला की सुटला. इथे एकच काळजी घ्या: काही मुलांच्या मागे रुमाल पडतच नाही, कारण मुलं आपल्या खास मित्राच्याच मागे टाकतात. फिरणाऱ्याच्या कानात हळूच नाव सांगायचं काम पंचाचं.

आंधळी कोशिंबीर या वयाला मी घेत नाही. डोळे बांधले की बरीच मुलं घाबरतात.

आमचा हॉल लहान आहे आणि खाली जागा नाही. पंधरा मुलं कशी खेळवायची?

टीपॉय आत, सोफा भिंतीला, काचेच्या वस्तू वरच्या फळीवर. मग हे खेळ घ्या.

कानगोष्टी. रांगेत बसायचं, पहिल्याच्या कानात एक वाक्य सांगायचं, ते कानोकानी शेवटपर्यंत जातं. "काकूंच्या कपाटात कच्च्या कैऱ्या" असं काहीतरी अडखळायला लावणारं वाक्य द्या.

ताटातल्या वस्तू. ताटात किसणी, बटण, चाळणी, लसूण, किल्ली, रवी असं पंधरा-वीस काहीबाही ठेवा, मिनिटभर दाखवा आणि झाका. मग आठवेल तितकं लिहायचं. दोघादोघांच्या जोड्या करा, म्हणजे लिहिता न येणाऱ्यालाही सांगता येतं. रवी किंवा पोळपाट ठेवला की काही मुलांना नावच माहीत नसतं आणि तिथून आजीच्या गोष्टी सुरू होतात. त्या थांबवू नका.

चमचा-लिंबू लहान हॉलमध्ये सरळ रेषेत होत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून खिडकीपर्यंत आणि परत, असं दोन गटांत रिले करा. चमचा तोंडात न देता हातात द्या. दुसरा हात पाठीमागे ठेवला की कसरत तेवढीच होते. पळताना कोणी पडलं तर तोंडातला चमचा घशाला किंवा दातांना लागू शकतो.

आंधळी कोशिंबीर सात-आठ वर्षांच्या पुढच्यांसाठी खोलीत छान होते. कोपरे मोकळे करा, फरशीवर सांडलेलं पाणी पुसा आणि दोन मोठ्या माणसांनी खिडकीजवळ व दाराजवळ उभं राहावं. रुमाल नाकावर येणार नाही असा बांधा.

खाली मोकळी जागा आहे. मग कोणते खेळ?

मग तर मजाच आहे. फक्त गाड्यांची ये-जा बंद करता येईल अशी जागा निवडा आणि रखवालदारकाकांना आधी सांगून ठेवा.

सुरुवात विषामृताने करा. ज्याच्यावर राज्य, तो शिवेल त्याला "विष", म्हणजे त्याने जागच्या जागी थिजायचं. दुसऱ्या गड्याने येऊन हात लावला आणि "अमृत" म्हटलं की तो पुन्हा पळायला मोकळा. पंधरापेक्षा जास्त मुलं असतील तर राज्य दोघांवर द्या, नाहीतर ते कधीच संपत नाही. या खेळात कोणी फार वेळ बसून राहत नाही, शिवाय एकमेकांना ओळखत नसलेली मुलंही मित्राला सोडवायला धावतात. शाळेतले मित्र आणि सोसायटीतले मित्र अशी दोन टोळकी वाढदिवसाला नेहमी असतात, ती विषामृताने मिसळतात.

मग लगोरी. सात चपट्या दगडांचा किंवा फरशीच्या तुकड्यांचा मनोरा, दोन गट, एक चेंडू. एका गटाने ठरलेल्या रेषेवरून चेंडू मारून लगोरी फोडायची, प्रत्येकाला तीन संधी. फुटली की तो गट पांगतो. दुसऱ्या गटाने चेंडू अडवून त्यांच्या गड्यांना मारायचा, आणि फोडणाऱ्यांनी तेवढ्यात सातही तुकडे पुन्हा रचून "लगोरी" ओरडायचं. गडी बाद होण्याआधी रचली तर डाव त्यांचा. चेंडू कमरेच्या खालीच मारायचा, हा नियम खेळाआधी दोनदा सांगा आणि मोडला तर तो मारा मोजू नका. तुकड्यांच्या कडा पॉलिशपेपरने घासून घ्या. लहान मुलांसाठी फरशीऐवजी बुटांची खोकी किंवा श्रीखंडाचे रिकामे डबे रचले तरी चालतं. दहा पावलांवरून लगोरी फुटत नाही असं दिसलं तर रेषा पुढे घ्या. पहिल्या डावात एकदा तरी फुटायलाच हवी, नाहीतर मुलांचा उत्साह मावळतो.

अंधार पडायच्या आधी डबा ऐसपैस. एकाने डबा लांब फेकायचा. राज्य असणाऱ्याने तो आणून वर्तुळात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं. कोणी दिसला की त्याचं नाव घेऊन डब्यावर पाय ठेवायचा, तो सापडला. पण लपलेल्यांपैकी एकाने येऊन डबा उडवला की सापडलेले सगळे सुटले आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. लागोपाठ तीनदा असं झालं की राज्य बदलून टाका. चौथ्यांदा मुलाला खेळ नकोसा होतो. गच्ची, जिना, लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीजवळची जागा लपायला बंद, हे आधी ठरवायचं. डब्याला धारदार कड नको.

पार, कट्टे, पायऱ्या असतील तर डोंगर-पाणीही घ्या: उंच जागा म्हणजे डोंगर, खालची जमीन म्हणजे पाणी. त्याला तर कसलंच साहित्य लागत नाही.

बाद झालेली मुलं बाजूला बसून कंटाळतात आणि मग दंगा करतात. काय करावं?

मी खेळ निवडते तो याच कसोटीवर. पाहुणं म्हणून आलेलं मूल दुसऱ्याच मिनिटाला बाद झालं आणि मग वीस मिनिटं भिंतीला टेकून बसलं, तर त्याच्यासाठी तो वाढदिवस तिथेच संपला. त्यामुळे विषामृत, साखळी, चिमणी भुर्र असे सगळ्यांना धरून ठेवणारे खेळ आधी. साखळीत तर पकडलेलं प्रत्येक मूल हात धरून राज्य असणाऱ्याला सामील होतं आणि साखळी लांब होत जाते.

संगीत खुर्ची मुलांना हवीच असते, तर ती थोडी बदला. जो बाद होईल त्याने पुढचं गाणं लावायचं आणि थांबवायचं, आधीच्याने खुर्ची उचलायची, त्याच्या आधीच्यांनी टाळ्या वाजवून ताल धरायचा. आणि डाव लहान ठेवा. वीस खुर्च्यांचा एक डाव मांडण्यापेक्षा सातसातचे तीन डाव बरे.

भांडणं झाली तर? एक मूल नेहमी रडीचा डाव खेळतं.

नियम खेळाआधी मोठ्याने सांगितले की निम्मी भांडणं होत नाहीत. प्रत्येक घरचा, प्रत्येक शाळेचा नियम वेगळा असतो. "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य येणारच. तेव्हा कोणाचा नियम बरोबर यात न शिरता "आज ज्याचा वाढदिवस, त्याच्या घरचा नियम" असं सांगून पुढे जा. शिवलं की नाही असा वाद झाला तर तेवढाच डाव पुन्हा.

रडीचा डाव खेळणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलू नका. त्याला पंचाच्या शेजारी बसवून गुण लिहायला द्या. बहुतेक वेळा पाच मिनिटांत ते मूल स्वतःच म्हणतं, "मी खेळू?" आणि "टाइम प्लीज" म्हणून कोणी थांबलं तर ते मानायचंच. तहान लागणं, चप्पल तुटणं, शू लागणं ही सगळी खरी कारणं असतात.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे खेळ बालिश वाटतील का?

लहानांचे खेळ दिले तर वाटतील. त्यांना चुरस हवी. आठ-नऊ जणांचे दोन गट पडत असतील आणि जमीन मातीची असेल तर खो-खो द्या. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या महिला व पुरुष संघांनी दोन्ही विजेतेपदं मिळवली. हे सांगितलं की या वयाची मुलं कान टवकारतात. काँक्रीटवर मात्र खो-खो आणि कबड्डी नको, गुडघे फुटतात. तिथे रुमाल पळवणे घ्या: दोन गट समोरासमोर, दोन्हीकडे एक, दोन, तीन असे क्रमांक, मधल्या वर्तुळात रुमाल. पुकारलेल्या क्रमांकाच्या दोघांनी यायचं आणि समोरच्याने शिवायच्या आत रुमाल घेऊन आपल्या रेषेमागे जायचं. या खेळात हुलकावणी चालते, त्यामुळे जोरात पळणाराच जिंकेल असं नसतं.

खाऊन झाल्यावर गाव-नाव-फळ-फूल किंवा गाण्याच्या भेंड्या. भेंड्यांत आई-बाबांना एका गटात आणि मुलांना दुसऱ्या गटात घाला. फोन एका टोपलीत. मोठ्यांचेही.

मुलांचे खेळ आणि मुलींचे खेळ वेगळे ठेवायचे का?

अजिबात नको. सागरगोटे मुलग्यांना शिकवा, बघा कसे तासभर हलत नाहीत. फुगडीचंही तसंच, फक्त उंची-वजन सारखं असलेल्या जोड्या लावा आणि पायांत मोजे नकोत.

विटी-दांडू, गोट्या, भोवरा ठेवू का?

विटी-दांडू वाढदिवसाला नको. उडालेली विटी डोळ्याला लागू शकते, आणि नवख्या मुलांच्या गर्दीत कोण कुठे उभं आहे याचा भरवसा नसतो. त्याला मोठं मैदान आणि चार-सहा जाणते गडी हवेत. गोट्या सहा वर्षांपुढच्यांना माती असेल तर द्या, पण रांगणारं किंवा सगळं तोंडात घालणारं बाळ पाहुण्यांत असेल तर गोट्या, सागरगोटे, काचापाणी काहीही बाहेर काढू नका. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही लगेच उचला. भोवरा दाखवायला छान, पण एका वेळी एकानेच फिरवायचा आणि बाकीच्यांनी दूर उभं राहायचं.

एक मूल पळू शकत नाही. त्याला कसं सामील करायचं?

त्याच्या आईला आदल्या दिवशी फोन करून विचारा की त्याला काय आवडतं, काय जमतं. मग खेळच तसे निवडा की त्याला वेगळी जागा द्यावी लागणार नाही. कानगोष्टी, ताटातल्या वस्तू, भेंड्या यांत पळण्याचा प्रश्नच नाही. लगोरीत नेम त्याचा आणि पळणं जोडीदाराचं, अशी जोडी लावता येते. इतरांनाही जोड्याच लावा, म्हणजे तो एकटा उठून दिसत नाही. सतत पंच करू नका. मुलांना खेळायचं असतं.

काही मुलांना मराठी येत नाही. आणि आम्ही परदेशात राहतो, तिथे हे जमेल का?

जमतं. लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत यांना भाषा फारशी लागत नाही. एक डाव करून दाखवला की पुरे. "राज्य", "धप्पा", "विष", "अमृत" हे शब्द तसेच ठेवा, मुलं ते ओरडायला लगेच शिकतात. थंडीमुळे हॉलमध्येच असाल तर खोक्यांची लगोरी आणि मोज्याचा चेंडू. चिमणी भुर्रमध्ये तिथले पक्षी-प्राणी घ्या. वर्गातली दुसऱ्या देशांची मुलं आली असतील तर त्यांनाही विचारा, तुमच्याकडे असा खेळ असतो का? बहुतेक कोणाकडे तरी जवळचा भाऊबंद निघतो आणि मग तोही एक डाव होतो.

बाहेरचं सगळं ठरवलं आणि पाऊस आला तर?

जून ते सप्टेंबरमधला वाढदिवस असेल तर आधीच घरातल्या खेळांवर ठरवा. ओल्या गच्चीवर आणि पार्किंगच्या ओल्या फरशीवर पळापळी नको.

प्रत्येक खेळाला बक्षीस हवंच का?

नको. बक्षीस समोर ठेवलं की मुलं खेळाऐवजी बक्षिसाकडे बघतात आणि भांडणं वाढतात. जिंकलेल्या गटाने सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या किंवा चिक्की वाटायची, एवढं पुरे. वाटण्याचा मान मोठा वाटतो मुलांना.

रिटर्न गिफ्ट काय द्यावं?

मोठ्यांना लाकडी भोवरा आणि जाळी, म्हणजे तो फिरवायची दोरी. सावंतवाडीच्या चितार आळीत चांगले रंगीत भोवरे मिळतात, कोकणातून कोणी येणार असेल तर आणायला सांगा. लहानांना रंगीत खडू आणि एक चपटी ठिकरी कागदात गुंडाळून, त्यावर चौकोन कसे आखायचे त्याचं चित्र काढा. ते चित्र वाढदिवसाच्या मुलाने किंवा मुलीने आदल्या दिवशी स्वतः काढलं तर अजून चांगलं. भोवरा देणार असाल तर जाळी कशी गुंडाळायची ते निघण्याआधी प्रत्येकाला एकदा करून दाखवा. आरेपासून, म्हणजे खालच्या खिळ्यापासून, सुरुवात करून वर, घट्ट आणि वेढे एकमेकांवर न चढवता. दोरीचं शेवटचं टोक बोटात अडकवायचं. आणि घ्यायला आलेल्या पालकांना सांगा की भोवरा घरातल्या फरशीवर नको, अंगणात फिरवायचा.